बचावण्याचं वाक्य

वहिनी, मराठी मंडळाच्या वाचनालयातून आणलेल्या शिळ्या वर्तमानपत्रात आज एक बातमी वाचली. घाटात बस उलटली आणि सगळे प्रवासी थोडक्यात बचावले. नात शेजारी बसून चहात बिस्कीट बुडवत होती. तिने विचारलं, ‘आजी, बचावले म्हणजे सुटले ना?’ मी फटकन म्हणाले, ‘नुसतं सुटून चालत नाही. जिवावर बेतलं पाहिजे.’ आणि माझी मीच चपापले, कारण बोलले ते थेट तुमच्या आवाजात. कलकत्त्यातल्या बेहालाच्या या घरात आता माझ्याइतकं ठसठशीत मराठी कोणीच बोलत नाही, हा तुमचाच पराक्रम. एका बंगालणीला मराठीच्या राखणीला बसवून तुम्ही खुशाल निघून गेलात.

खिदिरपूरच्या गोदीजवळ तुमचं भाड्याचं घर होतं, आणि तेव्हा तुम्ही माझ्या वहिनी नव्हतात. गोदीच्या एका कचेरीत मी टायपिस्ट होते, तुमचे धाकटे दीर तिथेच कारकून होते, आणि आमचं दोघांचं ठरलं होतं. साताऱ्याला तुमच्या सासूबाईंना मराठीशिवाय दुसरी भाषा कळत नव्हती, आणि बंगाली सून येतेय हे त्यांच्या कानावर घालायची कोणाची छाती नव्हती. तुम्ही दिरांना म्हणालात, ‘दर रविवारी तिला माझ्याकडे पाठवा. मराठी आलं आणि मला पटली, तर सासूबाईंशी मी बोलेन.’ त्यांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं, भोळेपणाने. ‘मला पटली तर’ या तीन शब्दांची मी इतकी धास्ती घेतली की शनिवारपासूनच मराठी शब्द घोकत बसायची.

तुमची शिकवणी म्हणजे मी पाटावर बसायचं, तुम्ही तांदूळ निवडता निवडता एक क्रियापद फेकायचं आणि मी त्याचं वाक्य करायचं. अट एकच होती. वाक्य खरं हवं, स्वतःच्या बाबतीत घडलेलं हवं. ‘राम वनात गेला असली वाक्यं पोपटही करतो,’ तुम्ही म्हणायचात, ‘तुझं काय झालं ते सांग.’ मग सांडणे, विसरणे, लाजणे, रुसणे असं करत करत माझं सगळं आयुष्य तुमच्या सुपात येऊन पडलं, मामीशी झालेल्या भांडणांसकट. तुम्ही भाषा शिकवत होतात आणि त्याच वेळी मुलगीही पारखून घेत होतात. भारी लबाड होतात तुम्ही.

असाच एक रविवार. तुम्ही ‘बचावणे’ देता. मी म्हणते, ‘काल मी पावसातून बचावले.’ तुम्ही सूप खाली ठेवता. ‘अगं, पावसात फार तर भिजशील. त्यातून बचावायला काय झालं?’ मी दुसरं करते, ‘परवा मी ट्रामच्या कंडक्टरच्या हातून बचावले.’ ‘म्हणजे तिकीट काढलं नाहीस! त्याला निसटणं म्हणतात.’ तुम्ही पदर तोंडाला लावून हसता, मीही हसते. मग तुम्ही समजावता, ‘जिवावर बेतलं पाहिजे. मरता मरता राहिलं तर बचावलं. असं कधी झालंय का तुझं? नसेल तर राहू दे, देवाचीच कृपा.’

राहू देता आलं असतं. मामाने मला बजावून ठेवलं होतं, की आई तापाने गेली एवढंच सांगायचं. फाळणीनंतरची ती वर्षं. पूर्व बंगालातून एकटी आलेली मुलगी म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, ‘वाटेत काय झालं?’ कोणी तोंडावर विचारत, कोणी पाठीमागे, आणि उत्तर काहीही दिलं तरी स्थळ हातचं जाई. आमच्या गल्लीतल्या एकीचं ठरलेलं लग्न असंच मोडलं होतं. हे सगळं मला पुरतं ठाऊक होतं. पण इतक्या रविवारांत मी तुमच्यासमोर एकही खोटं वाक्य केलं नव्हतं, आणि तुमच्या पाटावर बसून आईला तापाने मारणं मला जमेना. मी म्हणाले, ‘गाव सोडून येताना मी बचावले. आई बचावली नाही.’

तुम्ही सूप पुन्हा उचललंत आणि तांदूळ निवडू लागलात. मला वाटलं, संपलं, आता ‘पुढच्या रविवारी येऊ नकोस’ म्हणतील. ‘दोन्ही वाक्यं बरोबर आहेत,’ तुम्ही म्हणालात. मग सूप बाजूला सारून, ‘ऊठ, हात धू, पानं मांड. आज जेवूनच जा.’ पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. त्या दुपारी तुमच्या हातचा आमटीभात जेवताना मला रडू आवरत नव्हतं, आणि तुम्ही आमटी तिखट झाल्याचं सगळ्यांना सांगत होतात.

लग्न इथेच झालं. सासूबाई साताऱ्याहून आल्या. मांडवात माझ्या बाजूला मामा-मामीशिवाय कोणी नाही हे पाहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘मुलीकडचं कोण आहे इथे? हिची माहिती विचारायची कोणाला?’ तुम्ही त्या घरची थोरली सून, वरमाईला लागून मानाने बसलेल्या. तुम्ही उठलात, मांडव ओलांडून आलात आणि माझ्या मागे बसलात. ‘मी मुलीकडची,’ तुम्ही म्हणालात, ‘काय विचारायचं ते मला विचारा.’ आणि मुलीकडचे म्हणून शेवटच्या पंगतीला, गार झालेलं जेवलात. सासूबाई पुढे कित्येक महिने तुमच्याशी धड बोलल्या नाहीत.

त्या दिवसापासून मला कोणीच काही विचारलं नाही. सासूबाईंनी नाही, यांनीही नाही. वहिनींनी बजावलंय, त्या विषयाला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी त्याला तुमचा मोठेपणा म्हणत आले, आजही म्हणते. तुमच्या शेवटच्या आजारात उशाशी मीच असायचे. दुपारी तुम्हाला जाग यायची, माझा हात धरून तुम्ही छताकडे बघत राहायचात, आणि मला वाटायचं, आता विचारतील. तुम्ही पाणी मागायचात. उशी सरकवायला सांगायचात. मग गेलात.

हे पत्र टाकायचं कुठे, ते काही मला सुचत नाही. लिहून झालं की घडी घालून ठेवून देईन. एक मात्र कबूल करते, वहिनी. तुम्ही कधी विचारू नये म्हणून मी लग्नाआधी कालीमातेला नवस बोलले होते. नंतर मात्र मी सगळी वर्षं वाट पाहत होते. तुम्ही विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.