पलीकडच्या आयांसाठी

४ डिसें. १९७१, लोणावळा
लढाई लागली. सकाळी रेडिओवर ऐकलं. माझा योहान आणि शेजारच्या तान्हाबाईचा मधू, दोघंही आघाडीवर. एकाच पलटणीत. भरतीला गेले तेही एकच ट्रंक घेऊन.
रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद चिकटवले. खळ संपली, तान्हाबाईने दिली. तुंगार्लीच्या बंगल्यावर भांडी घासायला गेली नाही ती आज. "बाई, तुमच्या येशूला माज्या मधूचं बी सांगा." सांगेन म्हटलं. न सांगून करते काय!

५ डिसें., रवि.
चर्चमध्ये विनंतीच्या वेळी ज्याला काही मागायचं तो उभा राहतो. मी उभी राहिले. योहानसाठी, मधूसाठी. मग तोंडातून निघून गेलं, सरहद्दीपलीकडच्या पोरांसाठी, त्यांच्या आयांसाठीही. जगात कुठेच लढाई नको. ठरवलं नव्हतं.
'आमेन' कोणीच म्हणालं नाही. पाळकसाहेब खोकले. बाहेर पडताना चर्चच्या पंचांपैकी एक म्हणाले, "बाई, ही काय वेळ आहे?" म्हटलं, "मग कोणती?"

७ डिसें.
तान्हाबाईला रविवारचं कळलं. चाळच ती, कळणारच. दारात उभी राहिली, आत येईना. "माजा ल्योक तितं गोळ्या झेलतोय, अन् तुमी त्यांच्यासाठी मागता व्हय? दोगांसाठी मागितल्यावर देव कुनाचं ऐकंल?"
शाळेत चाळीस पोरांना गप्प करते मी. इथे 'आत तर या' एवढंच म्हणाले, ती निघून गेली.

१२ डिसें., रवि.
पुन्हा उभी राहिले. पुन्हा तेच मागितलं. हट्टच म्हणायचा. तान्हाबाई बोलत नाही. नळावर मी आले की आपली बादली उचलून जाते, भरलेली नसली तरी.

१६ डिसें.
लढाई थांबली. आपण जिंकलो. बाजारात फटाके, गुलाल. काळे कागद काढले, काचांवर खळीचे डाग राहिलेत. तान्हाबाईने पेढा पाठवला. स्वतः आली नाही, तरी पाठवला. किती बरं वाटलं.

१८ डिसें.
दुपारी तान्हाबाईकडे तार. चाळीत इंग्रजी वाचणारी मीच, मलाच हाक मारली. मधू गेला. मलाच सांगावं लागलं.

२१ डिसें.
योहानचं कार्ड. खुशाल आहे. ओट्यावर बसून रडले, तोंडात पदर कोंबून. भिंतीपलीकडे ऐकू जातं.
चर्चमधल्या बायका गळ्यात पडल्या. "देवाने तुमचं ऐकलं हो!" मग तान्हाबाईचं का नाही? तेही मीच मागितलं होतं, एकाच दमात. देवाचा राग आलाय. लिहून ठेवते, लपवून काय उपयोग?

२५ डिसें.
नाताळ. करंज्यांचं पहिलं ताट दरवर्षी तान्हाबाईकडे जातं. दुःखाच्या घरी तळण नेत नाहीत. पिठलं-भाकरी नेली. बुद्धाच्या तसबिरीखाली मधूचा फोटो. वाटलं, ताट तसंच परत येणार. "बसा," म्हणाली. चतकोर भाकरी खाल्ली.
मग म्हणाली, "बाई, ज्यानं माज्या मधूला मारलं, त्यो तरी पोचला का घरी?"
"मला कसं कळणार, तान्हाबाई?"
"त्याची आई बी वाट बघत आसंल. इचारा तुमच्या देवाला."
रागाने म्हणाली की कशाने, अजून कळत नाही.

२६ डिसें., रवि.
निघताना तान्हाबाई दारात उभी. "मी बी येते." चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली, मी पुढे, नेहमीच्या जागी.
विनंतीची वेळ आली. उभी राहिले. योहानसाठी उपकार मानेन म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. उपकार कोणत्या तोंडाने मानायचे? ती मागे बसलेली. पलीकडच्या आयांसाठी तरी काय मागू, आणि तिच्यादेखत? एक शब्द निघेना.
मागचं बाक वाजलं. माना वळल्या. तान्हाबाई उभी राहिली होती. तीही काही बोलली नाही.
पाळकसाहेब थांबले, मग गीताचा क्रमांक सांगितला. कोणी गायला लागेना. आम्ही दोघी उभ्याच होतो.