पट्ट्यावरची सहा पावलं

प्रिय धाकट्या,

बाबांचे पाय हलले, हे आईने तुला फोनवर रडत रडत सांगितलं आणि तू मला लगेच मेसेज केलास, ‘ताई, मी म्हणत होतो ना!’ मी त्यावर काहीच लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, कामात असेल. कामात नव्हते.

त्या दिवशी मी हॉस्पिटलात बाबांजवळच होते. आपल्या शिलाईच्या दुकानातल्या वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना बाबा शिडीवरून पडले, त्याला चार महिने झाले होते. पट्ट्यांनी छताला टांगून त्यांना उभं केलं होतं, पाठीवर विजेचे हलके झटके देणाऱ्या चकत्या, पायांखाली सरकता पट्टा. फिजिओथेरपिस्ट खाली बसून त्यांची पावलं हाताने पुढे टाकत होता. मग त्याने हात काढले आणि पाय चालतच राहिले. सहा पावलं, मी मोजली. आईने टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र शिवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर कसा बसलाय ते बघावं, तसे स्वतःच्या पायांकडे बघत होते.

प्रयोगशाळेत नऊ वर्षं मी हेच बघतेय रे. पाठीतला मज्जारज्जू पूर्ण तुटलेला उंदीर सरकत्या पट्ट्यावर धरला, की त्याचे मागचे पाय चालू लागतात. डावं-उजवंचा ठेका कमरेजवळच्या मज्जारज्जूतच असतो. तळवा मागे ओढला गेला की तिथल्या पेशी आपसात तो ठेका धरतात, मेंदूचा हुकूम लागत नाही. उंदराला त्यातलं काही कळतही नाही. पट्टा थांबला की पाय गळून पडतात. बाबांचा अहवाल मी तीनदा वाचलाय. इजा ‘पूर्ण’ आहे, म्हणजे मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचतच नाही, असंच लिहिलंय. डॉक्टरांनी आईला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पण तिने ते कानाआड केलं.

परवा ती औषधं आणायला गेल्यावर बाबांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, “तू यातलंच शिकलीस म्हणून विचारतो. ते पाय मीच चालवत होतो ना? मला तर काही जाणवलं नाही.” मी म्हणाले, “हो बाबा, तुम्हीच.” इतक्या पटकन म्हणाले की माझी मलाच भीती वाटली. त्या दिवशी ते पोटभर जेवले. तेव्हापासून पलंग करकरला तरी मी धावत जाते.

आज सकाळी मात्र मी न्हाणीघरात होते आणि आई दूध आणायला खाली गेली होती. धप्पकन आवाज आला. बाबा पलंग आणि भिंतीच्या मधे पडलेले, कपाळातून रक्त येत होतं. सात टाके पडले. आईला वाटतंय, कुशीवर वळताना तोल गेला. मला एकटीला ते म्हणाले, “माझंच चुकलं. जोर कमी पडला. पुन्हा बघतो.”

ते पुन्हा उठणार, धाकट्या, माझ्या शब्दावर भरवसा ठेवून. आईच्या देखत फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून आजच्या कुरिअरने पत्र पाठवतेय. मी रजा टाकलीय, तू येईपर्यंत त्यांच्याजवळून हलणार नाही. तू शनिवारी ये. तुला काही बोलावं लागणार नाही, बाबांना खरं ते सगळं मीच सांगेन. फक्त मी बोलायला लागले की खोलीचं दार लावून त्याला पाठ टेकून उभा राहा. मला बाहेर पळू देऊ नकोस.

तुझीच,
ताई