संजयच्या तळघरातला खड्डा

शनिवार, ७ जुलै २००१

संजय शाहूपुरीत बंगला घेतोय, तळघरासकट. डिप्लोमाला माझ्या वह्या उतरवून पास झालेला संजय! आणि मी अजून भाड्याच्या दोन खोल्यांत. व्यवहाराआधी तळघर तपासायला त्यानं आज मलाच बोलावलं.

भिंती कोरड्या. तळाशी पाणी जमायचा खड्डा होता, तोही पंपानं झटक्यात उपसला. इतकी चिडले मी! मग बघते तर खड्डा हळूहळू पुन्हा भरत होता. इथं खोटं कशाला लिहू, आनंद झाला मला.

बाहेर जाऊन पाहिलं. पंपाचा पाइप भिंतीच्या बुडाशीच सोडलेला. उपसलेलं पाणी तिथंच मुरून परत खड्ड्यात येत होतं. "घेऊ नकोस हे घर," असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "पाइप गटारापर्यंत ने." का सांगितलं मी?

त्यानं लगेच बागेतला पाइप जोडून गटारात सोडला. तासाभरानं पुन्हा बघितलं, खड्डा कोरडा.

"तू हाईस म्हणून कळलं की गं! आता घेतोच बघ," म्हणाला.

खोट काढायला गेले होते. काढूनच आले.