शांतपणे बघायचे चित्रपट

२ जानेवारी १९७९
नवीन वर्षाचा संकल्प. रागवायचं नाही. कुणावर हात टाकायचा नाही. संकल्प खरं म्हणजे कालच लिहायचा होता, पण उजव्या हाताची बोटं सुजली होती.

टॉकीजच्या खिडकीवर एक जण रांग मोडून माझ्यापुढे घुसला. चित्रपट मारामारीचा. लोक तेच बघतात आणि तसेच वागतात, हे मी त्याला नीट समजावलं. दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्याचा दात पडला. मालन विचारते, तो चित्रपट तुम्ही बघितला तरी का? नाही बघितला. त्या वेळी चौकीत बसलो होतो. बायकोला मुद्दा कळत नाही.

मुद्दा असा, की लोकांना चांगले चित्रपट दाखवले तर हा रानटीपणा जाईल. कुणीतरी सुरुवात केली पाहिजे.

१४ जानेवारी, रविवार
सुरुवात केली. चित्रपट मंडळ काढलं, सातपूर कॉलनीचा हॉल मिळाला. हॉलचे सेक्रेटरी मल्हारी. सज्जन माणूस, मानेने बारीक. आमच्या कारखान्यात मशीन शॉपमधल्या यादवकडे १६ एमएमचा प्रोजेक्टर आहे, तो लग्नात आणि जत्रेत चालवतो. रिळं पुण्याहून एसटीने येतील.

फक्त पुरस्कार मिळालेलेच चित्रपट. राष्ट्रपती पदक, परदेशी महोत्सव. मूकपटापासून आजपर्यंत सगळे काळ, सगळे प्रकार. यादवने विचारलं, "भाऊ, तुम्ही बघितलेत का हे?" म्हटलं, परीक्षणं वाचली आहेत. बघणं हा त्यातला शेवटचा भाग असतो.

टाइम ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही. परवा एकाची कॉलर धरली होती, त्याचा परिणाम असावा. शिस्त लागते आहे.

२२ जानेवारी
काल पहिला खेळ. युरोपातला मूकपट, विनोदी, फार जुना. पडद्यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोललो. प्रत्येक प्रसंग समजावून दिला. शेजारच्या ब्लॉकमधला धोंडीराम माझं स्पष्टीकरण संपायच्या आधीच हसायचा. त्याला सांगितलं की हा विनोद वरवरचा नाही. तो पुन्हा हसला. मानेवर एक दिली. हलकीच. खुर्ची मोडली, पण ती आधीपासूनच खिळखिळी होती.

मग त्याचा भाऊ उठला, मग अर्धा हॉल उठला. पडद्यावर तो नट जिन्यावरून गडगडत होता आणि खाली मी धोंडीरामच्या भावासकट पायऱ्यांवरून गडगडत होतो. मागे लोक हसत होते. कुणाला, ते कळलं नाही.

डावा डोळा बंद आहे. शर्ट गेला. एकूण प्रतिसाद उत्कट. सुरुवातीलाच विनोदी प्रकार घ्यायला नको होता.

५ फेब्रुवारी
काल बंगाली चित्रपट. राष्ट्रपती पदक. म्हातारी आणि तिची गाय. विषय गंभीर, त्यामुळे मी निर्धास्त.

फोर्ज शॉपचा बारकू आईला घेऊन आला होता. तापलं लोखंड ठोकायच्या हॅमरवर काम करतो. त्याचं मनगट म्हणजे माझी पोटरी. पहिल्या रिळापासून तो मुसमुसत होता. त्याची आई कमळाबाई त्या पडद्यावरच्या म्हातारीशी मराठीत बोलत होती. "दार उघडू नको गं बाई, तो मेला चांगला नाय." मी उभं राहून सांगितलं, ही गाय म्हणजे गाय नाही, प्रतीक आहे. कमळाबाई म्हणाल्या, "मला तर शिंगं दिसत्यात." हॉल हसला.

मी त्यांना अडाणी म्हणालो. बारकू उठला आणि अगदी हळू म्हणाला, "आईला काय बोलू नका भाऊ." मी स्वतःला आवरलं. बाहेर जाऊन नोटीस बोर्डावर बुक्की मारली. बोर्डाला काच आहे हे रागात ध्यानात आलं नाही.

हाताला टाके. पण माणसावर हात टाकला नाही. संकल्प शाबूत.

१९ फेब्रुवारी
काल जपानी. तलवारींचा, परदेशात मोठं पारितोषिक. इथे प्रेक्षकांनी पेटून उठण्याचा धोका होता, म्हणून आधीच सविस्तर बोललो. पडद्यावरची हिंसा ही हिंसा कशी नसते, ते सांगितलं. मागून 'चालू करा' असे आवाज यायला लागले, तेव्हा प्रात्यक्षिक दाखवावं लागलं. पडद्याची काठी हातात होती. यादव रीळ नीट बसवायला वाकला होता, तो सरळ झाला. नेमका तेव्हाच का सरळ झाला, कळत नाही.

त्याचं कपाळ फुटलं. रक्त लेन्सवर गेलं आणि चित्र लालसर दिसायला लागलं. यादवने रुमालाने आधी लेन्स पुसली, मग कपाळ बांधलं. मग म्हणाला, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी नकार दिला. दोघांनी मला उचललं. त्यातला एक घोटीकडचा, भाताची पोती वाहिलेला. त्याला चावलो, तरी त्याने सोडलं नाही.

दाराबाहेर पायरीवर बसून राहिलो. आतून तलवारींचा आवाज येत होता. मधून मधून किंकाळी, जपानी. बाकी हॉल एकदम गप्प. शेवटपर्यंत. माझ्या भाषणाचा एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, रविवार
खेळ नाही. घरात.

मालन म्हणाली, ब्लॉकमधलं कुणी आपल्याशी बोलत नाही. धोंडीरामची बायको नळावर तोंड फिरवते. मग म्हणाली, "मारामारी दर वेळी तुमच्याच खुर्चीपासून कशी सुरू होते?" म्हटलं, कुठून तरी व्हायचीच. म्हणाली, "तुम्ही एक तरी चित्रपट शेवटपर्यंत बघितलाय का? मी सगळे बघितलेत." ती बायकांच्या रांगेत बसते, मला माहीतच नव्हतं.

ताट फेकलं. भिंतीवर फेकलं, तिच्यावर नाही. हा फरक तिला कळला नाही. डाळ पुसून तिने पिशवी भरली आणि चांदवडला भावाकडे गेली. जाताना दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बोलता तरी आलं असतं.

१ मार्च
नवा संकल्प. जुनाच, पण या वेळी मनापासून.

स्वयंपाक स्वतः. भात करपला. पातेलं आपटल्याने त्याला पोचा आला. आता त्यावर झाकण बसत नाही.

९ मार्च
मालन आली. भाऊ सोडायला आला होता, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, माझ्यासाठी आली. तसं विचारलं. म्हणाली, "रविवारी खेळ आहे ना." मग बराच वेळ पोचा आलेल्या पातेल्याकडे बघत उभी होती.

१५ मार्च, सिव्हिल हॉस्पिटल
आजपर्यंत लिहिणं शक्य नव्हतं. क्रमाने लिहितो.

रविवारी युद्धाचा चित्रपट होता. पूर्व युरोपातला, शांततेचा पुरस्कार मिळालेला. युद्ध संपल्यावर दोन्ही बाजूंचे दोन सैनिक मिळून एक पूल बांधतात. मी विश्वशांतीवर भाषण तयार केलं होतं. मल्हारी म्हणाले, दोन मिनिटं. मी पहिल्या महायुद्धापर्यंत आलो तेव्हा त्यांनी दिवा मालवला.

अंधारात मी एक गळा धरला. तो मल्हारींचा निघाला. ते मागे गेले, मी त्यांच्यावर, आम्ही दोघं टेबलावर. टेबल उलटलं. रिळाचा भरलेला डबा घरंगळत जाऊन कमळाबाईंच्या पायावर पडला. त्या एकदाच ओरडल्या.

मग बारकू उठला.

एकच ठोसा. दुसरा मला आठवत नाही. सगळे सांगतात, दुसरा नव्हताच.

जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. वरचे-खालचे दात तारांनी एकत्र बांधले आहेत. नळीने पातळ अन्न. बोलायचं ते पाटीवर लिहून.

मालनने पुढचं सांगितलं. बारकूनेच मला खांद्यावर टाकून रिक्षापर्यंत आणलं. आईचा पाय सुजलेला, तिला दुसऱ्यांच्या हवाली केलं आणि मला इथे घेऊन आला. वाटेत रडत होता. "वहिनी, मला मारायचं नव्हतं. आईचा पाय होता हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मालनने त्याला काय उत्तर दिलं ते विचारलं. म्हणाली, "म्हटलं, रडू नको."

१८ मार्च
यादव आला. कपाळावर व्रण. शहाळं आणलं होतं. म्हणाला, त्या दिवशी टेबल सरळ करून चित्रपट लावला. मल्हारी गळ्याला ओलं फडकं लावून बघत बसले. कुणी भांडलं नाही. संपल्यावरही कितीतरी वेळ कुणी उठेना.

मी पाटीवर लिहिलं, माझं भाषण अर्धं तरी पोचलं म्हणायचं. यादवने वाचलं. शहाळ्यात नळी घालून दिली.

हवालदार येऊन गेले. बारकूवर तक्रार द्यायची का? हो, लिहिलं. साक्षीदार? मी मालनकडे बोट केलं. मालनने जे झालं ते सगळं सांगितलं, धोंडीरामच्या मानेपासून. काठी, गळा, काहीच गाळलं नाही. ताटाचं मात्र बोलली नाही. हवालदारांनी वही मिटली आणि मलाच विचारलं, तुमच्यावर कुणी तक्रार केलेली नाही ना?

मोठ्या मनाने बारकूला माफ केलं.

१ एप्रिल, रविवार
घरी. मल्हारी आले. आवाज अजून घोगरा. मंडळाची बैठक झाली म्हणे. माझ्याच मंडळाची, मला न कळवता. ठरलं असं, की मी खेळाला यायला हरकत नाही, पण तोंड बांधलेलं आहे तोवरच. नंतरचं नंतर बघू.

मला बघण्याची सर्वांना इतकी ओढ असेल तर नाही कसं म्हणायचं. पाटीवर होकार दिला.

मल्हारी गेल्यावर मालन म्हणाली, "त्यांनी तुम्हाला माफ केलंय. कळलं का?" मी पाटीवर लिहायला घेतलं, माफी कशाबद्दल. अर्धंच लिहिलं. तिच्याकडे बघून पुढचं लिहिलं नाही. का, ते सांगता येत नाही. पाटी ओली असेल.

८ एप्रिल, रविवार
आजचा चित्रपट हंगेरीचा. एका लहान स्टेशनवर काम करणारी बाई, एवढं परीक्षणात वाचलं होतं. मालन माझ्या शेजारी बसली. बायकांच्या रांगेत जागा होती, तरी. पलीकडे बारकू आणि पायाला पट्टी बांधलेल्या कमळाबाई. बारकूने माझ्या जबड्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

पुढच्या रांगेत कुणी नवीन माणूस. बायकोला मोठ्याने गोष्ट समजावून सांगत होता. ही कोण, तो कोण, आता काय होणार. एकदा झालं. दोनदा झालं. त्याचं मानगूट बरोबर हाताशी होतं. हात उचलला गेला.

मालनने मनगट धरलं. माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत होती. माझा हात तिने स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि धरून बसली. मला वाटलं, सोडेल. सोडला नाही. तिच्या तळहाताला चिरा आहेत. कधीपासून, माहीत नाही. तिचा हात कापत होता. तिला माझी भीती वाटते, हे मला त्या हातावरून कळलं. इतकी वर्षं वाटत असावी. मी हात हलवला नाही.

पुढचा माणूस आपोआप गप्प झाला.

दिवे लागले. मी हॉलमध्ये होतो, खुर्ची शाबूत होती, रक्त कुठे नव्हतं. यादवने रीळ काढता काढता विचारलं, "भाऊ, कसा वाटला?" सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी आधीच सांगून टाकायचो. पाटी घेतली. पुष्कळ विचार करून लिहिलं, 'बरा.'

कमळाबाईंनी विचारलं, "शेवटी ती बाई त्या गाडीत का बसली नाय?" पुन्हा सगळे माझ्याकडे. शेवटी गाडी येते हेच मला माहीत नव्हतं. डोळे पडद्याकडे होते, पण लक्ष सगळं त्या हातात.

मालन उठली. पदर सारखा केला. आधी खाली बघत होती, मग मान वर केली. म्हणाली, "तिला जायचं होतंच. पण कुणी धरून ठेवलं म्हणून थांबणं वेगळं आणि आपण ठरवून थांबणं वेगळं. गाडी निघून गेल्यावर ती हसते, बघितलंत ना? ती आता कधीही जाईल. आज नाही गेली, एवढंच."

धोंडीरामची बायको हळूच "हो" म्हणाली. मी मालनकडे बघत होतो. चांदवडहून ती कशी आली, कशासाठी आली, हे मी तिला धड विचारलेलंच नाही.

मल्हारी उठून म्हणाले, यापुढे चित्रपटाबद्दल वहिनींनीच बोलावं, खेळ संपल्यावर. बारकूने हात वर केला. यादवने केला. मग सगळ्यांनी.

मी हरकत घ्यायची ठरवली. मंडळ मी काढलेलं, निवड माझी, परीक्षणं मी वाचलेली. खाली बसून पाटीवर सविस्तर लिहायला घेतलं. लिहून मान वर केली तेव्हा लोक खुर्च्या रचून निघून गेले होते. मालन दाराशी उभी होती. पाटी हातात घेऊन तिने पूर्ण वाचली, पदराने पुसली आणि म्हणाली, "चला."