मंडळाचं गेलेलं नाव

श्रीरामपूर,
१२ एप्रिल १९९९

चि. जोएल यास कृपादानमामाचा प्रभूच्या नावात सलाम.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? पुण्यात तुला वेळेवर जेवण मिळतं ना? इकडे आम्ही सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण अक्षर किती बिघडलंय हे तुला दिसेलच. (चौतीस वर्षं फळ्यावर सुवाच्य लिहिलेला हात आहे हा.)

दोन वर्षांपूर्वी तू आपल्या ख्रिस्ती वधू-वर मंडळासाठी इंटरनेटवर एक नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेऊन दिलंस आणि त्याखाली आपल्या एकोणचाळीस मुली आणि अकरा मुलगे फोटोंसकट मांडून दिलेस. ते नाव गेलं. मुदत संपली आणि आपण ती वाढवली नाही. गेल्या बुधवारी स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन पाहिलं, तर मुली नाहीत, मुलगे नाहीत, नुसती एक इंग्रजी ओळ, की हे नाव विकणे आहे. अध्यक्ष बन्सीभाऊंना मी अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी आपल्या पोरीबी त्याच्याच ताब्यात गेल्या का?" मी नाही म्हणालो. पण क्लासवाल्याने सांगितलं, त्या नावावर येणारी ई-मेलची पत्रं आता नव्या मालकाला वाचता येतील. स्थळांची पत्रं असतात ती. कुणी वडिलांच्या दारूबद्दल लिहितं, कुणी मोडलेल्या पहिल्या लग्नाबद्दल. आणि वाचणारा कोण, कुठला, कुठल्या चर्चचा, कशाचा पत्ता नाही.

हे घडलं ते मंडळाच्या नियमामुळे. मंडळाला आलेलं पत्र सभेतच, सर्वांसमक्ष फोडायचं. (पूर्वीच्या एका चिटणिसाने दुसऱ्याच्या मुलीला आलेलं स्थळ परस्पर आपल्या भाचीला दिलं, तेव्हापासून.) अमेरिकेहून त्या नावाच्या कंपनीचा लिफाफा आला नेमका राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी. उपवासकाळात लग्नाच्या गोष्टी काढायच्या नाहीत, म्हणून सभाही होत नाही. लिफाफा ईस्टरपर्यंत कपाटात कुलूपबंद राहिला. ईस्टरनंतरच्या मंगळवारी फोडला, तर आत मुदत वाढवण्याची सूचना, आणि मुदत संपून तीन आठवडे झाले होते.

मुदत संपलेलं नाव जुन्या मालकाला परत द्यावं की नाही, यावर अमेरिकेत जाणत्या लोकांचा वाद चालू आहे, असं तू मागे लिहिलं होतंस. त्या वादात आता श्रीरामपूरही उतरलं आहे. शनिवारी त्यासाठी खास सभा झाली. बन्सीभाऊंचं मत पडलं की चाळीस दिवस सवलत द्यावी, उपवासकाळाएवढी. गोजरबाई तुला आठवतील. तीन महिने दवाखान्यात होत्या, तेवढ्यात चर्चमधल्या त्यांच्या नेहमीच्या बाकावर दुसरं घराणं बसलं, ते अजून उठलेलं नाही. त्या ताडकन म्हणाल्या, "मी आजारी व्हते, बाक सोडला नव्हता. जो इसरला, आजारी पडला, त्याला माघारी द्या. पन जानूनबुजून सोडलं आसंल, त्याला कशापायी द्यायचं?" यावर दोन तास खल झाला. (मी मध्येच उठून खिडकी उघडली, फार उकडत होतं.) अखेर ठराव झाला की नाव परत मागणाऱ्याने मुदत अजाणता चुकल्याचं शपथेवर सांगावं, आणि आधी आपण स्वतः तसं करून मग ठराव अमेरिकेला धाडावा. शपथ कुणी घ्यायची, तर चिटणिसाने. म्हणजे मी. येत्या रविवारी, उपासना संपल्यावर, बायबलवर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत.

जोएल, मला भीती वाटते. रविवारच्या आत ते नाव काहीही करून परत मिळव, म्हणजे शपथेची गरजच उरणार नाही.

आक्काला सलाम सांग.

तुझा,
कृपादानमामा

ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं? लिफाफा आला त्याच दिवशी मी तो किटलीच्या वाफेवर उघडून वाचला आणि डिंकाने पुन्हा चिकटवून ठेवला. मुदत मला ठाऊक होती. सिल्व्हियासाठी नागपूरच्या त्या शिक्षकाचं उत्तर त्याच नावावर येणार होतं. मुलगा चांगला आहे, मीच शोधला. पण तुझी मामी गेल्यापासून या घरात बोलणारं माणूस म्हणजे माझी ही लेक. उत्तर आलंच नाही तर ती जाणार नाही, एवढंच त्या वेळी सुचलं.

ता. क. २. पाकीट बंद करता करता पुन्हा उघडलं. सिल्व्हिया रोज शाळेत शिकवून येताना क्लासात चौकशी करून येते. काल भाकरी थापताना मान वर न करता म्हणाली, "पप्पा, त्यांचा नकारच असेल ना?" मी हो म्हणालो. ते नाव राहू दे, शपथेचं मी बघतो. नागपूरचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तू स्वतः जा आणि त्या मुलाला सांग की त्याचं पत्र आमच्यापर्यंत पोचलं नाही, त्यात सिल्व्हियाचा काही दोष नाही. मग कुणाचा, असं त्याने विचारलं तर सांगून टाक.