तापलेला फीड पाइप

५ जानेवारी १९८६, टॉडमॉर्डन
आलो एकदाचा. घर छोटं, पण माझं. घर तापवायला नवा बॉयलर, प्रत्येक खिडकीखाली गरम पाण्याचा रेडिएटर. बेकन सँडविच खाऊन ऑड्रीला फोन केला. चौतीस वर्षांच्या संसारात मी घराची ऊब ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटचा काटा पंधरा अंशांच्या वर जाऊ दिला नाही, म्हणून ती बहिणीकडे जाऊन राहिली, असं गावभर सांगते. म्हटलं, इथे ये आणि बघ. ती म्हणाली, एकोणीसला दुपारी येते. घर उबदार असलं तर राहीन, नाहीतर त्याच बसने परत. एवढी संधी देतेय हेही कमी नाही.

७ जानेवारी
रेडिएटर कोमट. जिन्याच्या माथ्यावर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे, टॉवेल तिथेच ठेवतो. त्यात माळ्यावरून एक बारीक पाइप उतरतो. बॉयलरला गार पाणी पुरवणारा हा फीड पाइप, म्हणजे गारच हवा. हात लावला आणि बोटाला फोड आला.

८ जानेवारी
प्लंबर सग्डेन आला. चहात चार चमचे साखर घेतो. त्याने पाइपावरून लोहचुंबक फिरवला. तांब्याला तो चिकटत नाही, पण खालच्या सांध्यापाशी चिकटला. म्हणजे आत गंजाचा गाळ. म्हणाला, लायनल, बाबा, तुझ्या पाइपाला बद्धकोष्ठ झालंय. तेवढा तुकडा कापून नवा बसवला. तासाभरात घर उबदार झालं, पाइप गार झाला.
तो जाताच मी काटा बारावर आणला. ऑड्री यायला अजून अकरा दिवस आहेत, तोवर उगाच कशाला जाळायचं? जित्याची खोड, म्हणेल ती. म्हणू दे.

९ जानेवारी
पाइप पुन्हा तापला. काटा दहावर आणला, तर आणखीच.

१२ जानेवारी
सग्डेनने लोहचुंबक फिरवला. कुठेच चिकटला नाही. बॉयलर बंद केला, पंप बंद केला, शेवटी सगळं पाणी अंगणात सोडून दिलं. रिकामा पाइप तसाच चटके देत होता.
त्याने चहा अर्धा टाकून हत्यारं गोळा केली. दारात थांबून म्हणाला, आधीचा मालक पिकल्स थर्मोस्टॅटला पेटीत घालून कुलूप लावायचा. त्याची बायको हेटी हिवाळाभर त्या कपाटात टाकीच्या उबेला, पाइपाला पाठ लावून बसायची. एका जानेवारीत तो बॉयलर बंद करून चार दिवस भावाकडे गेला. नंतर गोठलेले पाइप दुरुस्त करायला सग्डेनच आला होता, आणि कपाट त्यानेच उघडलं. हेटी आतच होती, गोठलेली. म्हणाला, काटा वर कर लायनल, आणि वरच राहू दे.
मला राग आला. मी काही पिकल्स नाही. मी कधी कुलूप लावलं नाही. ऑड्रीने काटा चढवला की मी उतरवायचो, एवढंच.

१५ जानेवारी
पाणी भरलं. काटा पंचविसावर. बॉयलर धडधडतोय, रेडिएटर बर्फ. फक्त पाइप गरम. कपाटातल्या टॉवेलांवर कुणी बसून उठल्यासारखा खळगा. दोनदा सारखा केला. पुन्हा आहेच.

१७ जानेवारी
मी घाबरलोय. ऑड्रीला फोन करून येऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, गॅस वाचवतोयस ना? येणारच मी.

१९ जानेवारी, दुपारी तीन
आली. कोट काढलाच नाही. एकेका रेडिएटरवर हात ठेवत वर गेली. कपाट उघडं होतं. आत शिरून पाइपाला पाठ लावून बसली. भाजेल म्हणून ओरडलो. ती म्हणाली, किती वर्षांनी पाठ शेकतेय रे. आणि दार ओढून घेतलं—

चार
दार उघडत नाही. आत बोलणं चाललंय. दोघींचं. दुसरी विचारते, ऑड्री सांगते. माझंच सगळं. आमचा सहा महिन्यांचा टोनी खोकत होता तो जानेवारी— मी काटा उतरवला ती त्याची शेवटची रात्र— ते आम्ही कधी कुणाशी बोललो नव्हतो—

पाच
बाहेरचं दार गोठलंय. फोन बंद. बोटं वळत नाहीत. दारापाशी बसून म्हटलं, चूक झाली, ऑड्री. बाहेर ये, इथून जाऊ.
ती म्हणाली, राहते मी. इथेच.
मलाही आत घे म्हटलं— दुसरीने विचारलं, घ्यायचं का याला?
दोघी हसल्या. ऑड्रीला हसताना मी किती वर्षांनी ऐक—