अकरावा ठोकळा

३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि. आजचा नमस्कार माझ्या सगळ्या वर्गाच्या वतीनेही धरून घे.

तू घडवलेली लाकडी पेटी पोचली. दहाचे दांडे आणि सुटे ठोकळे पाहून पोरांनी असा गलबला केला की शेजारच्या वर्गाचे मास्तर डोकावून गेले. दहा सुटे मोजून मला द्यायचे आणि बदल्यात दहा ठोकळ्यांइतका लांब एक दांडा घ्यायचा. एवढ्या खेळात फळ्यावर कधी न समजलेला हातचा आपोआप डोक्यात शिरतोय. कुणाच्या बोटात कुसळ गेलं नाही. मुलांचे हात कोवळे आहेत, नीट घासून दे, म्हणून मी तुझा पिच्छा पुरवला होता ना. वहिनी गेल्यावर तू सुतारकामाच्या कारखान्याला लावलेलं कुलूप या निमित्ताने निघालं, याचा आनंद मला ठोकळ्यांहून जास्त आहे.

एक गंमत सांगते. मुख्याध्यापिका बाई वर्ग पाहायला आल्या, आणि नेमकी तेव्हाच शिंपीणबाईंची लेक एका दांड्यापाशी अकरा ठोकळे लावून बसलेली. मी दहा लावायला सांगितले, तर म्हणते, अकराच लागतात. बाईंपुढे माझं नाक कापलं जायचीच वेळ. दहापर्यंत मोजताही येत नाही का, म्हणून मी तिला फटकारलं आणि अकरावा काढून घेतला. आता पोरांनी तिचं नावच अकरा ठेवलंय. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि माझ्यावरचा लोभ असाच गुळगुळीत राहू दे.
तुझी भिंगरी

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. गंमत वाचली, हसू काही आलं नाही.

वाचता वाचता उठलो आणि इथे उरलेले ठोकळे एका दांड्याला लावून पाहिले. पोर बरोबर आहे. दहा ठोकळे पुरत नाहीत, जवळजवळ एका ठोकळ्याची जागा मोकळी राहते. कापले मी मापातच. पण कुसळ राहू नये म्हणून ठोकळे सहाही बाजूंनी घासत बसलो. हात थांबला की घर खायला उठायचं, म्हणून थांबलोच नाही. एकेक ठोकळा जरासाच झिजला, पण दहांचं मिळून इतकं झालं. दांड्यांची टोकं मात्र होती तशी राहिली.

जन्म या कामात गेला, आणि पाठवण्याआधी दहा ठोकळे ओळीने लावून बघावेत एवढं मला सुचलं नाही. माझ्या दुःखापायी एक पोर वर्गात खोटी पडली, ही बोच जात नाही. सुतार चुकला म्हणून तिला सगळ्यांसमोर सांग. माझं नाव जपायला जाऊ नकोस.
तुझा दादा

१७ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला. झाला कसला, मीच केला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीने ठोकळे लावून पाहिले. मग पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि वर्गाला पुन्हा फळ्यावर आणलं. दादा इतक्या महिन्यांनी उठून कामाला लागलाय, त्याच्या कामाला चारचौघांत नावं कशी ठेवू, असं स्वतःला सांगत राहिले. खोटं आहे ते. माझी लाज झाकायला मी तुला पुढे केलं.

ती पोर आता मोजतच नाही. हात बाकाखाली धरून बसते. काल पाच आणि तीन किती विचारलं, तर आधी शेजारणीच्या वहीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. शिंपीणबाई कौतुकाने सांगायच्या की कापडाच्या दोन कडा जुळल्या की नाही ते ही पोर नुसतं नख फिरवून सांगते. त्याच हातांवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी तिला शिकवलं. तू न बघता चुकलास, दादा. मी ती समोर दाखवत असताना चुकले.
तुझी भिंगरी

२२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. रडून झालं असेल तर कामाचं बोलतो.

नवी पेटी पाठवतोय. हात आवरता ठेवून घासलंय आणि प्रत्येक ओळ दांड्याला लावून पाहिलीय. तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस, आधी त्या पोरीकडून तपासून घे. ती नाही म्हणाली तर पेटी परत पाठव, मी पुन्हा करीन. माझं कुलूप मी काढलं, आता तुझं तू काढ.
दादा

२९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज सगळ्या वर्गापुढे सांगितलं. मुख्याध्यापिका बाईंनाही मुद्दाम बोलावलं होतं. त्या दिवशी अकराच लागत होते, हिने ते बघितलं, मी बघितलं नाही आणि वर हिलाच रागावले, असं उभं राहून बोलले. बोलले की सुटेन असं वाटलं होतं. एका पोराने विचारलं की मग बाई, तुम्हाला शिक्षा काय.

मग नवी पेटी तिच्यापुढे ठेवून तुझा निरोप सांगितला. बराच वेळ हात बाकाखालीच होते. शेवटी एक वर आला. तिने दांडा ठेवला, शेजारी दहा ठोकळे लावले आणि टोकावर नख फिरवलं. मग दुसरा दांडा, मग तिसरा. असं करत तिने सगळी पेटी तपासली. एक दांडा तिने बाजूला काढलाय, किंचित लांब आहे म्हणते. मला काही फरक दिसला नाही, पण या वेळी मी तिचंच खरं धरलं. तो सोबत पाठवतेय. तू बघ, आणि काय ते तिलाच कळव.

शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन हात पसरून उभी राहिली. मला आधी कळेना. त्या दिवशी काढून घेतलेला अकरावा ठोकळा अजून माझ्या खणात पडून होता. तो तिच्या हातावर ठेवला. मूठ मिटून ती घरी गेली.

तुझा लोभ राहू दे, दादा. सध्या मला तो जरा जास्तच लागणार आहे.
भिंगरी